गाठोडं पाहून ब्रेक लागतो

मंडळी, सुरतेत रस्ता कसा ओलांडायचा, हे आज मला बायकोनं शिकवलं.

ती घरी साड्यांना खडे लावते. तयार साड्यांचं गाठोडं पोचवायला दुपारी आम्ही दोघं निघालो. बसथांबा रस्त्याच्या मधोमध, दुभाजकावर. झेब्रा पट्ट्यांवर उभा राहून मी हात दाखवत होतो. कुणी ढुंकून पाहीना.

"हात काय दाखवता? सरका," बायको म्हणाली आणि गाठोडं पुढे धरून सरळ चालू लागली.

टेम्पो करकचून थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "बेन, माल साचवजो." म्हणजे माल सांभाळा. आमच्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं.

परतताना हात रिकामे होते, तर कुणीच थांबेना. उलट्या बाजूनं आलेली एक मोटरसायकल बायकोच्या पदराला घासून गेली.

उद्यापासून आमची मुलगी याच रस्त्यानं सायकलवर कॉलेजला जाणार आहे. बायको आत्ता तिच्या सायकलच्या कॅरिअरला जुन्या साड्यांचं गाठोडं बांधतेय. मी हसणार होतो, पण दोरी मीच शोधून दिली.

तुम्ही तुमच्या पोरांना काय बांधून पाठवता?