डेस्कटॉपवरचं गाऱ्हाणं

परवा लॅपटॉपने विचारलं, 'फाइली ठेवायच्या की सगळं पुसायचं?' आणि माझा हात माउसवरच थिजला.

बीडीडी चाळीतली ती दुपार आठवली. घरचा कॉम्प्युटर फार रखडत होता. नुसतं विंडोज अपग्रेड करता आलं असतं, पण मी नुकताच कोर्स केलेला शहाणा. जुन्यावर नवं चढवलं की कचरा तसाच राहतो, म्हणून सगळं पुसायला बसलो. बाबांनी पाटीवर लिहिलं, 'जुनं राहील ना?'

"हो. सगळं डी ड्राइव्हमध्ये ठेवलंय."

घशाच्या ऑपरेशनआधी त्यांनी गावच्या देवाला घालायचं गाऱ्हाणं माझ्याकडून रेकॉर्ड करून घेतलं होतं. "माझो आवाज आता जातलो. ह्यां ऐकान शिका." ती फाइल डोळ्यांसमोर राहावी म्हणून मीच डेस्कटॉपवर ठेवली होती. डेस्कटॉपही मी पुसलेल्या सी ड्राइव्हमध्येच असतो, हे कोरा स्क्रीन उजळल्यावर आठवलं.

बाबांनी खुर्ची जवळ ओढली आणि हाताने खूण केली, लाव.

"नंतर लावतो, बाबा."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि पाटी ओल्या फडक्याने पुसून ठेवली. पुढे बाबा दोन वर्षं होते, पण ते गाऱ्हाणं पुन्हा कधीच मागितलं नाही.