डब्यावरचं चित्र

मेहकरच्या अभ्यासिकेत सकाळी झाडायला येणाऱ्या मावशीचं नाव मी दोन वर्षांत कधी विचारलं नाही. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, मान खाली घालून वाचायचो. मच्छर चावतात ही तक्रार वहीत मीच लिहिली. तेव्हापासून मालक मावशीच्या हाती स्प्रेचा डबा देऊ लागले. खिडक्या लावून ती कोपरान्‌कोपरा फवारायची आणि त्याच वासात टेबलं पुसत राहायची. आम्ही पोरं बाहेर चहा प्यायचो, उशीर झाला की दार वाजवायचो. ती दार उघडायची तेव्हा डोळे लाल असायचे. खोकला आला की चौकट धरून उभी राहायची.

एकदा मी म्हटलं, "मावशी, नाक तरी बांधत जा."

तिनं डबा पुढं केला. "मच्छराचं औषध हाय, भाऊ. चित्र पाहा ना. माणसाले काय होते?"

मी डबा फिरवला. मागं बारीक मराठीत लिहिलं होतं, फवारल्यावर लगेच खोलीबाहेर पडा, श्वासात घेऊ नका. मी वाचून दाखवलं.

तिनं डबा परत घेतला. "दोन वर्षं झाले तुमी इथं वाचून राह्यले. मंग हे काऊन नाही वाचलं?"

पुढच्या महिन्यात ती यायची थांबली. दम लागतो म्हणे. नव्या बाईला मी पहिल्याच दिवशी डबा वाचून दाखवला.

ती म्हणाली, "बाहेर थांबाले टाइम कुठं हाय? पोरं दार वाजवतेत."