पांढरी घोडी आणि ट्रेलरचे ब्रेक

आमच्या घरी वरातीच्या घोड्या होत्या. शेती होती, पण कोरडवाहू. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जीव घोड्यांत. लग्नसराईत आमच्या हर्सूल गावाहून शहरात घोडी पायी न्यायची आणि नवरदेव उतरला की पायीच परतायचं. अण्णांचे गुडघे धरायला लागले, तेव्हा मी हट्टानं घोड्यांचा एक जुना ट्रेलर आणला. त्याला विजेवर चालणारे ब्रेक होते. चाकांत चुंबक, जीपमध्ये छोटा कंट्रोलर; जीपचा ब्रेक दाबला की मागं ट्रेलरचेही लागत. मी कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. म्हटलं, हे तर आपल्या हातातलं काम.

पहिल्या काही खेपा नीट झाल्या. मग एका दुपारी जळगाव रोडवर, माझा पाय ब्रेकवर नसताना, ट्रेलरची चाकं जाम झाली. मागून धाडकन आवाज आला. आमची पांढरी घोडी छातीनं पुढच्या दांड्यावर आदळली होती. जखम फार नव्हती, पण ती थरथरत होती. अण्णा तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

त्या दिवसापासून माझ्या सगळ्या सुट्ट्या ट्रेलरखाली गेल्या. मीटर लावला, सगळं ठीक. जीप आणि ट्रेलर जोडणारा प्लग हिरवा पडला होता, तो बदलला. अर्थिंगची तार गंजलेल्या बोल्टवर होती, ती घासून नव्यानं बसवली. रिकामा ट्रेलर सावंगीपर्यंत नेऊन आणला, एकदाही झटका नाही. पुढच्या खेपेला धाकटी घोडी घातली, तर गतिरोधकावर पुन्हा तेच. नशीब, वेग कमी होता. कंट्रोलरच बिघडला असणार म्हणून तो बदलला. तरीही फरक पडला नाही.

"उभी असली की शानी, चालली की येडी," अण्णा म्हणाले. "इकून टाक ती गाडी."

"अण्णा, तारच आहे ती. कुठंतरी सापडंलच."

"व्हय, सापडंल. तवर घोडीचे पाय मोडतील."

मी पान्हा आपटला आणि घरात गेलो. राग अण्णांवर नव्हता. कंपनीत मोठमोठ्या यंत्रांतला बिघाड मी शोधायचो, आणि इथं चार तारा मला दाद देत नव्हत्या.

मग लक्षात आलं की रिकाम्या ट्रेलरला काहीच होत नाही, वजन पडलं की होतं. घोडीवर प्रयोग करायची आता हिंमत नव्हती. सरकीच्या पेंडीची पोती भरली आणि त्याच गतिरोधकावरून जीप काढली. ब्रेक लागले. ब्रेकला दुसरीकडून करंट येत असावा म्हणून ट्रेलरमधल्या दिव्याची तार, जिच्यात दिवा बंद असतानाही करंट असतो, ती सोडवली, पुन्हा तिथूनच गेलो. काही झालं नाही. तार जोडली, पुन्हा लागले.

दिव्याची तार आणि ब्रेकची तार एकाच पाइपातून जात होत्या. पाइपाच्या तोंडाशी धारदार काठावर दोन्हींचं आवरण घासून गेलं होतं. वजनानं सांगाडा दबला, खड्डा आला, की उघडं तांबं एकमेकांना टेकायचं आणि दिव्याचा करंट थेट ब्रेकला जायचा. बोटभर जागा. तिच्यासाठी मी आख्खी लग्नसराई घालवली होती. दोन्ही तारा नव्या टाकल्या, वेगवेगळ्या नळीतून नेल्या, पाइपाच्या तोंडाला रबर बसवलं. पोत्यांसकट फुलंब्रीपर्यंत जाऊन आलो. ब्रेक अगदी मऊ, सांगितलं तेव्हाच लागणारे.

पुढची वरात शहरातल्या गुलमंडीतली होती. मी पांढरीला ट्रेलरपाशी आणलं. तिनं फळीवर पुढचा एक पाय ठेवला, वास घेतला आणि मागं सरली. गूळ दाखवला. पुन्हा पाय, पुन्हा मागं. मी लगाम ओढला, तर कान पाडून ती जागची हलेना.

"सोड तिला," अण्णा म्हणाले.

"आता काय नाय होणार अण्णा, मी नीट केलंय."

"तुला म्हाईत हाय. तिला कोण सांगनार?"

त्यांनी लगाम माझ्या हातातून घेतला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी चालायला लागले. शहराच्या वेशीवरच्या दिल्ली दरवाजापर्यंत मी जीप त्यांच्या मागं हळूहळू चालवली. बसा म्हटलं, तर बसले नाहीत.

पांढरी त्या ट्रेलरमध्ये पुन्हा कधी चढली नाही. भाड्याच्या उघड्या टेम्पोत मात्र मुकाट जायची. आता ट्रेलरमध्ये कडबा असतो. तो विकायला काढलाय; कुणी बघायला आलं की पहिला प्रश्न ब्रेकचा विचारतं. ब्रेक उत्तम आहेत, असं मी सांगतो, आणि सांगताना माझं डोकं अजून तापतं.