चाळीस खोटी कार्डं आणि शेट्ये सर

रत्नागिरीच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी शेट्ये सरांनी मला विचारलं, "कुठला रे तू?" मी म्हटलं, "नाटे गावचा." "घरात बोटीवर कोण आहे?" "अब्बा आहेत, सर. खलाशी." "वा! ये, पुढच्या बाकावर बस." मला वाटलं, माझ्या इंग्रजीची छाप पडली. कसली छाप नि कसलं काय! सरांना बोटीवरच्या माणसाचं घर सापडलं होतं, त्याचा तो आनंद होता.

हे घर त्यांना कशाला हवं होतं, ते सांगायला हवं. इंग्रजीतलं कुठलं विशेषण दीर्घकाळ दाखवणाऱ्या शब्दांबरोबर नांदतं आणि कुठलं नांदत नाही, हा सरांच्या अभ्यासाचा विषय. 'सिक फॉर इयर्स' म्हणतात, 'लोनली फॉर इयर्स' म्हणतात, पण 'टॉल फॉर इयर्स' कुणी म्हणत नाही. का म्हणत नाही? सर वर्गात विचारायचे आणि आम्ही सगळे वह्यांत डोकं खुपसायचो. मग तेच सांगायचे, "अरे, उंच माणूस उंचच राहणार, त्याची वर्षं कोण मोजतो? जे कधीतरी सरेल असं वाटतं आणि सरत नाही, त्याचीच वर्षं माणूस मोजतो."

परगावच्या विद्वानांना हा विषय हौशी वाटेल. आमच्या किनाऱ्यावर तो हौसेचा नव्हता. बोटीवरचा डॉक्टर इंग्रजीत पहिला प्रश्न विचारतो तो "किती दिवसांपासून?" आणि आमची माणसं तिथेच अडखळतात. त्यांच्यासाठी एक साधं, भरवशाचं पुस्तक करायचं, ही सरांची धडपड. त्यासाठी पुस्तकातली वाक्यं त्यांना चालत नसत. कुणीतरी खरोखर बोललेलं वाक्य हवं, आणि कार्डावर बोलणाऱ्याचं नाव नि बोटीचं नाव हवं. सुट्टीवर आलेली माणसं घरोघरी अत्तर आणायची, सरांसाठी मात्र वाक्यं आणायची. घरात कार्डांची चार मोठी खोकी झाली. सरांच्या पत्नी सुमनकाकू म्हणायच्या, "पाहुण्यांनो, खोक्यावरच बसा. खुर्च्या सगळ्या इंग्रजीने अडवल्यात!"

सरांचा सच्चेपणा नुसता कार्डांपुरता नव्हता. मी दुसऱ्या वर्षाला असताना अब्बांच्या कंपनीचं इंग्रजी पत्र आलं आणि मी ते सरांकडे नेलं. अब्बा कुठल्याशा दूरच्या बंदरात इस्पितळात होते. सर म्हणाले, "हे तू एकट्याने घरी सांगायचं नाही." ते माझ्याबरोबर एसटीने नाट्याला आले, आमच्या पडवीत बसले आणि अम्माला त्यांनी ते पत्र ओळ न् ओळ मराठीत सांगितलं. काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. अम्मा रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "गुरुजी, खरं सांगितलंत, आता मला झोप तरी येईल." अब्बा बरे होऊन आले. पण त्या पडवीतले सर मी कधी विसरलो नाही.

आणि अशा माणसाला मी फसवलं. सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात हे लिहावं की नाही, असं संपादकांनी मला विचारलं. लिहावंच, नाहीतर सरांचा मोठेपणा कळायचा कसा?

झालं असं. दर मे महिन्यात आम्ही किनाऱ्यावरची मुलं आपापल्या गावात घरोघर फिरून वाक्यं जमवायचो. त्या वर्षी गावात क्रिकेटचे सामने होते आणि मी पडलो सलामीचा फलंदाज. अख्खी सुट्टी मैदानात गेली. कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दुपारी पडवीत बसून मी चाळीसेक वाक्यं मनानेच रचली, गावातल्या खलाशांची नावं त्यांच्याखाली ठोकून दिली आणि सरांच्या हातात नेऊन ठेवली. सर म्हणाले, "शाब्बास रफिक, मेहनत घेतलीस." मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड उघडलं नाही.

पुढे मी शिक्षक झालो. सध्या लोटे गावच्या शाळेत इंग्रजीच शिकवतो. गेल्या वर्षी आम्ही विद्यार्थ्यांनी ठरवलं, पंचाहत्तरीला सरांचं पुस्तक छापायचं. काचबिंदूने सरांचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याने जेमतेम दिसतं, म्हणजे घाई होतीच. टंकलेखन माझ्याकडे आलं. खोकं उघडलं आणि माझंच अक्षर समोर! खरी कार्डंही माझ्या हातची, खोटीही माझ्याच हातची, आणि कुठली कुठली ते मला आठवेना. बोटीवर कुणीतरी डॉक्टरसमोर माझं रचलेलं वाक्य म्हणालं तर?

गेलो सरांकडे आणि सांगून टाकलं. सर म्हणाले, "मेल्या, चाळीस खोट्यांनी चार खोकी नासवलीस! आता कुठल्या कार्डावर विश्वास ठेवू?" त्यांनी छपाई थांबवली. काकूंनी चहा आणला, तो तसाच ठेवून मी उठलो. निघताना सर म्हणाले, "रविवारी ये. तुझ्या अक्षरातलं एकेक कार्ड वाचून दाखव. मला दिसत नाही, ऐकू येतं."

तेव्हापासून दर रविवारी लोट्याहून रत्नागिरी. मी वाचायचो, सर डोळे मिटून ऐकायचे. "पंप दोन आठवडे नॉइझी आहे." "ठेव." "कॅप्टन महिनाभर अँग्री आहे." "ठेव, ठेव, असणारच!" "समुद्र वर्षानुवर्षं सॅड आहे." "ही तुझी. काढ. अरे, खलाशी पंपाबद्दल बोलतो. समुद्राच्या दुःखाबद्दल कॉलेजातला पोरगा बोलतो!" काकू आतून खो खो हसायच्या. मीही हसायला लागलो. नुसतं ऐकून सरांनी माझं पाप निवडून काढलं, तांदळातले खडे काढावेत तसं.

शेवटच्या रविवारी एक कार्ड आलं. "माय वाइफ इज यंग फॉर थर्टी इयर्स." सर लगेच म्हणाले, "काढ. तीस वर्षं तरुण कोण राहतं? ही तुझीच."

माझा हात थांबला. "नाही सर. ही अब्बांची." आणि मी सांगितलं. अब्बा नोकरीभर लग्नातला एकच फोटो जवळ बाळगायचे. निवृत्तीआधीच्या शेवटच्या फेरीत एका साहेबाने तो बघून विचारलं, बायको एवढी तरुण? तेव्हा अब्बांनी हे उत्तर दिलं. तीस वर्षांत अम्माजवळ किती राहिलो, ते बोटांवर मोजता येईल, असं घरी सांगताना म्हणाले होते. मी त्याच दिवशी लिहून घेतलं. आता अब्बा नाहीत, अम्मा नाही. विचारायला कुणी उरलेलं नाही. आणि सांगणारा कोण, तर चाळीस थापा मारलेला मी.

सरांनी हात पुढे केला. कार्ड घेतलं, त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्याच्यावरून अंगठा फिरवला. "तू सांगतोस ना? मग खरी. ठेव." मी चाळिशी ओलांडलेला बाप्या, सरांच्या पुढ्यात ढसाढसा रडलो.

पुस्तक छापखान्यात गेलं आहे. खोक्यांत काढलेल्या कार्डांच्या जागा रिकाम्या आहेत, त्या पुढच्या आवृत्तीसाठी भरायला येत्या मे महिन्यात नाट्यात घरोघर जायचं काम सरांनी मलाच दिलं आहे, एकट्याला. "सोबत दुसरा कुणी देऊ का?" असं काकूंनी विचारलं, तर म्हणाले, "कशाला? रफिक जातोय ना."

सर, मी सावकाश जाणार आहे. एकही घर सोडणार नाही. प्रत्येक वाक्य तुम्हाला वाचून दाखवीन, आणि ते ऐकायला तुमचे कान असेच तीक्ष्ण, तुमची तब्येत अशीच ठणठणीत आणि काकूंचा चहा असाच गरम राहो. शंभरी गाठा. तुम्ही "ठेव" म्हणाल, तेव्हाच मी पुढचं कार्ड हातात घेईन.