बाय मी म्हणजे माझ्याकडून

वाफेकाकांना त्या बॉयलरपाशी तिसावं वर्ष लागलं होतं. कारखाना धुलाईचा. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, सगळं गाड्या भरभरून यायचं आणि घडी होऊन परत जायचं. धुवायला गरम पाणी, वाळवायला वाफ, इस्त्रीला वाफ, आणि ती वाफ करणारा गडी एकच. बॉयलरच्या नुसत्या आवाजावरून काका पाणी किती आहे ते सांगायचे. "आज घसा बसलाय याचा," म्हणायचे. जाऊन काचेत बघावं, तर पाणी खाली गेलेलं असायचं.

असला माणूस त्रेपन्नाव्या वर्षी वही-पेन्सिल घेऊन बसला, ते एका नोटिशीपायी. कारखान्याला नवे मालक आले. त्यांनी दारावर कागद चिकटवला की सहा महिन्यांनंतर बॉयलरची रोजची नोंद इंग्रजीत लिहावी लागेल. ज्याला येणार नाही, तो गोदामात गठ्ठे बांधायला जाईल. पगार तेवढाच.

"मग जा की गठ्ठ्यांवर," काकू म्हणाल्या. "तेवढाच अंगाला धग कमी."

"तीस वर्षं सांभाळलंय मी त्याला. आता कुणा परक्याच्या हातात देऊ?"

"लग्न माझ्याशी झालं का त्याच्याशी, तेच कळत नाही मला."

घरात सून प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवणारी. मुलगा गाडीवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तेव्हा शिकवणी सुनेकडेच लागली. पहिली पाळी संपवून काका घरी यायचे, हातपाय धुवायचे आणि पाचवीतल्या पोरासारखे मांडी घालून बसायचे. सून पहिले दोन दिवस पदर सावरून, अडखळत शिकवत होती. तिसऱ्या दिवशी तिच्यातली बाई जागी झाली.

"बाबा, स्पेलिंग परत लिहा. पाच वेळा."

"बघ, सासऱ्याला उठाबशा काढायला लावते का आता," काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या. मजा त्यांचीच चालली होती.

नाम, क्रियापद, काळ, हे सगळं काकांनी बॉयलरमधल्या राखेसारखं फावड्याफावड्यानं उपसलं. बर्न-बर्न्ट-बर्न्ट, टाय-टाइड-टाइड असं जाता-येता पुटपुटायचे. घोडं अडलं ते पॅसिव्ह व्हॉइसला.

"आय ओपन्ड द वॉल्व्ह. म्हणजे मी वॉल्व्ह उघडला," सून म्हणाली. "आता हेच उलटं करायचं. वॉल्व्ह पुढे येतो. द वॉल्व्ह वॉज ओपन्ड बाय मी. बाय मी म्हणजे माझ्याकडून."

"आता उघडला तो मीच ना? मग सरळ सांगायला काय धाड भरली?"

"नोंदवहीत असंच लिहितात, बाबा. आणि करणारा सांगायचा नसेल, तर बाय गाळायचा. द वॉल्व्ह वॉज ओपन्ड. संपलं."

काका तिच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे चोरी झाली, पण चोरच नाही?"

"हो. इंग्रजीत चालतं."

"इंग्रजीत कशाला, आपल्याकडेही चालतं की! 'सर्वांना कळवण्यात येते की.' कोण कळवतंय, ते कुणाच्या बापाला माहीत असतं? हे नोटिशीचं मराठी झालं, पोरी."

सून खूप हसली. काका हसले नाहीत. त्यांना बाय गाळणं पटलंच नाही. तिनं बाय गाळून वाक्य दिलं, की हे पेन्सिलीनं शेवटी बाय मी जोडायचे. मी केलं ते मी केलं. त्यात माझ्याकडून हा शब्द त्यांना फार बरा वाटला. घरात कप फुटला की आपण म्हणतो ना, माझ्याकडून फुटला. ऐकणारा म्हणतो, असू दे, होतं. इंग्रजीलाही ती पद्धत आहे हे बघून त्यांना त्या भाषेविषयी जरा आपुलकी वाटायला लागली.

त्या वहीत वाक्यं भरत होती, तेव्हाच बॉयलरचा भोंगा बिघडला. पाणी कमी झालं की आपोआप भोंगा वाजायचा आणि हवेचा पंखा थांबून जाळ बंद व्हायचा, अशी सोय होती. आता पाणी भरलेलं असतानाही तो पाळीत तीन-चारदा कोकलायला लागला. कोकलला की जाळ बंद, इस्त्र्या थंड, गाड्या दारात उभ्या. भोंग्याचा नवा खटका मागवला होता, तो येता येत नव्हता. एका सकाळी पाळीचे साहेब पायऱ्या उतरून आले.

"काका, तार बांधून टाका त्याला. खटका येईपर्यंत."

"साहेब, मग तो खरं असताना पण बोलणार नाही."

"तुम्ही आहात ना! तुम्हाला आवाजावरून कळतं म्हणतात." साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "बांधा."

काकांनी तार बांधली. दीड महिना काही झालं नाही. मग एका दुपारी खालच्या मोटारीनं पाणी ओढायचं सोडलं, आणि नेमके तेव्हा काका कोळशाच्या गाडीच्या पावतीवर सही करायला फाटकापाशी गेलेले. दहा मिनिटं. परत येतात तो बॉयलरच्या पोटातून कोरडा, तडतडणारा आवाज. त्यांनी धावत जाऊन जाळ बाहेर ओढला, पण आतल्या नळ्या जळून गेल्या होत्या. माणूस कुणी भाजलं नाही, एवढंच. कारखाना तीन आठवडे बंद.

विमावाल्यांचा फॉर्म आला. साहेबांनी काकांना वर बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. तीस वर्षांत त्या खोलीत काका पहिल्यांदाच बसत होते.

"तुम्हीच लिहा काका. तुमच्याच शब्दांत असं छापलंय यावर. इंग्रजीत जमतंय ना आता?"

"जमतंय थोडं थोडं."

"थोडं थोडं काय! आमच्या कारकुनापेक्षा बरं लिहिता म्हणे." साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "चारच ओळी आहेत. आटोपशीर लिहा."

काकांनी पेन घेतलं. वाक्य डोक्यात सरळ उभं होतं. आधी तार, मग वॉज, मग टाय-टाइड-टाइड मधलं तिसरं, मग बाय. द वायर वॉज टाइड बाय मी. द वॉटर वॉज नॉट सीन बाय मी. खाली सही. साहेबांनी कागद वाचला, घडी केली आणि म्हणाले, "उत्तम."

संध्याकाळी काकांनी तीच दोन वाक्यं वहीत लिहून सुनेपुढे ठेवली. "बघ. एक तरी चूक काढून दाखव."

सुनेनं वाचलं. हातातली लाल पेन्सिल तिनं खाली ठेवली.

"चूक नाही, बाबा. पण तार साहेबांनी बांधायला लावली ना?"

"त्यांनी सांगितलं. हात माझे. माझ्याकडून बांधली गेली."

"तिथं तसं वाचत नाहीत. तिथं बाय मी म्हणजे ह्यानंच केलं, बस्स."

"तूच म्हणालीस, बाय मी म्हणजे माझ्याकडून."

सुनेनं वही मिटली. काकूंनी त्या दिवशी स्वयंपाकघरातून काही टोमणा मारला नाही.

साहेबांचा अहवाल पुढे चौकशीत वाचून दाखवला गेला. भोंगा निकामी केलेला आढळला, सूचनांचं पालन झालं नाही, असं त्यात होतं. पान भरून इंग्रजी आणि एकही बाय नाही. करणारा हवा होता, तो काकांच्या कागदावर सहीसकट बसलेला होता. काकांनी तोंडी सांगितलं की मला बांधायला लावलं होतं. चौकशीवाल्यानं विचारलं, "मग लिहिलं का नाही?" लिहिता येत नव्हतं म्हणावं, तर लिहिलेलं समोर होतं.

कामावरून काढल्याचं पत्र आलं. बॉयलर चालवायचा परवानाही रद्द. गोदामातले गठ्ठेसुद्धा गेले.

सून हटून बसली. अर्ज करू म्हणाली. व्याकरणाचं पुस्तक काढलं आणि पानं उलटत गेली. 'मला करायला लावलं' हे इंग्रजीत कसं म्हणायचं, त्याचा धडा पॅसिव्हनंतर दोनच धडे पुढे होता. आय वॉज मेड टू टाय द वायर. ते दोघं तिथवर पोचलेच नव्हते. तिला रडू फुटलं.

"मी आधी घ्यायला हवा होता हा."

"तुला काय स्वप्न पडलं होतं, मला काय काय करायला लावतील ते?" काका म्हणाले. "लिही तू. वाक्य बरं आहे."

अर्ज गेला. महिन्यानं उत्तर आलं. नोंद घेण्यात आली आहे.

काका अजून पहाटे उठतात आणि पहिल्या पाळीच्या वेळेला कारखान्याच्या कुंपणाबाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसतात. चहा थंड होतो. कान भिंतीपलीकडे. नव्या नळ्या बसल्या, नवा माणूस आला. भोंगा मात्र जुनाच. पहिले पंधरा दिवस तो पाळीत तीन-चारदा कोकलायचा. सोळाव्या दिवशी वाजला नाही. सतराव्यालाही नाही.

"दुरुस्त झाला वाटतं," टपरीवाला म्हणाला.

काकांनी नाही म्हणून मान हलवली. आत जाऊन सांगायची सोय नव्हती. फाटकावर त्यांचं नाव लिहून ठेवलं होतं, आत सोडू नये म्हणून.

"तार बांधली."

"कुणी?"

काकांनी साय आलेला चहा बशीत ओतला.

"बांधण्यात आली," ते म्हणाले.