पडद्यावर ऐंशी, आत बासष्ट

जालन्याच्या एका दुकानदाराने मला फसवलं, आणि माझ्या तोंडून डोणगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला.

मी मोटारी भरण्यापासून, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळण्यापासून, सुरुवात केली. शिकवायला कोणी नव्हतं. जळालेल्या मोटारी उघडून शिकलो, मग पॅनेल जोडू लागलो, आणि गेली काही वर्षं चिखलीच्या आसपासच्या दाल मिलमध्ये कंट्रोलर बसवतो. घासाघीस केल्याशिवाय मी स्क्रूसुद्धा घेत नाही, हे जालन्यापासून खामगावपर्यंत सगळ्या दुकानांना माहीत आहे.

त्यातल्या एका मिलमध्ये तूर वाळवायचा ड्रायर आहे. आतली उष्णता मोजणारा सेन्सर आपलं म्हणणं करंटमध्ये पाठवतो: शून्य अंशाला चार मिलिअँपिअर, दीडशे अंशाला वीस. वायर कितीही लांब असली तरी करंट मध्येच गळत नाही, म्हणून ही पद्धत. मालकाने बसवायला दिलेला कंट्रोलर मात्र जुना, त्याला फक्त व्होल्ट समजतात, शून्य ते दहा. दोघांच्या मध्ये एक छोटा डबा लागतो, सिग्नल कन्व्हर्टर. चार आले की शून्य व्होल्ट द्यायचे, वीस आले की दहा. एवढंच त्याचं काम.

तो डबा मी जालन्याहून आणला. वर ‘सिग्नल कन्व्हर्टर’ असं कंपनीचं स्टिकर होतं. भाव पाडला, आणि वर म्हटलं, चालवून दाखव. दुकानदाराने वीस मिलिअँपिअर सोडले. मीटरवर बरोब्बर दहा व्होल्ट. मी खुशीत डबा खिशात घातला. चार सोडून दाखव असं म्हणायचं मला सुचलं नाही. ती चूक माझी, ती मी कबूल करतो.

मिलचे मिस्त्री आवारातल्याच खोलीत राहायचे. तूर वाळली की नाही हे ते दातांनी ठरवायचे. मूठभर दाणे काढायचे, एक दाढेखाली धरायचा. कट् वाजून फुटला तर माल उतरवायचा, दबला तर अजून भट्टी. मी कंट्रोलर बसवला त्या दिवशी त्याच्या पडद्यावर ऐंशी अंश दिसत होते, ठरवले तेवढेच. मिस्त्रींनी दाणा चावला.

"ओला हाय भाऊ. दबून राह्यला."

"काका, तुमच्या दाताचा जमाना गेला. पडद्यावर पाहा."

"पडद्यानं कधी तूर खाल्ली काय?"

हमाल हसले. मला राग आला. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आता तोंडात बत्तीसातले दहा राह्यले, अन् त्याइच्या भरवशावर मिल चालवता?" या वेळी हमाल मिस्त्रींकडे पाहून हसले. त्यांनी हातातले दाणे पोत्यात टाकले. त्यानंतर त्यांनी चावणं सोडलं आणि पडदा सांगेल तेव्हा माल उतरवू लागले.

महिन्याभरात डाळ परत आली. पोत्यांत गोळे झाले होते, कुबट वास येत होता. मालकाने मला बोलावून विचारलं, मशीनमध्ये काही खोट आहे का. मी छातीठोक सांगितलं, नाही. मग खोट माणसातच असणार, असं म्हणून त्याने मिस्त्रींना कामावरून काढलं. मिस्त्रींनी संध्याकाळच्या एसटीने डोणगाव गाठलं. 

पुढे एका सकाळी मी तिथे दुसऱ्याच कामाला गेलो. भट्टी पेटलेली नव्हती. एरवी भट्टी रसरसल्यावरच पॅनेल सुरू करतात, त्या दिवशी मी आधीच सुरू केलं. पडद्यावर एक्कावन्न अंश. ड्रायरला हात लावला तर थंडगार.

मी डबा काढला आणि तिथेच पान्याने फोडला. आत काळं लुकण भरलेलं होतं. ते खरवडलं तर खाली पाचशे ओहमचा एकच रेझिस्टर. बाकी काही नाही. अशा रेझिस्टरवर वीसला दहा व्होल्ट बरोबर येतात, पण चारला शून्याऐवजी दोन. म्हणजे जितकं खाली जाल तितकं खोटं. पडदा ऐंशी म्हणत होता तेव्हा आत बासष्ट होते. मिस्त्रींचा दात बरोबर होता.

तसाच जालन्याला गेलो. दुकानदार चहा पीत होता.

"शेठ, भाव तुम्हीच पाडला ना. त्या भावात आत काय सोनं भरू?"

"भाव म्या पाडला. स्टिकर कोनं लावलं बे?"

"कंपनीचा माल आहे. आणि फोडलेला डबा मी परत घेत नसतो."

परत घे असं मी म्हटलंच नव्हतं.

मग डोणगावला गेलो. मिस्त्री ओसरीवर बसले होते. सगळं सांगितलं, हात जोडले. ते म्हणाले, "बोलले तवा दहा जणाइसमोर बोलले. माफी घरात येऊन मांगून राह्यले." खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी मिलमध्ये हमालांना उभं करून सगळं सांगितलं, मालकासमोर. मालकाने फुटक्या डब्याकडे पाहिलं.

"तुम्हीच आणला, तुम्हीच फोडला, अन् आता तुम्हीच म्हणता खोटा होता. मी काय समजू? दुकानवाल्याले म्हणू द्या. मग मिस्त्रीले आणाले मी सोता जातो."

माझ्या रागाने पुरावा फोडला. आता माझा शब्द पुरत नाही, दुकानदाराचाच लागतो. मी तीनदा जाऊन आलो. तो नोकराकरवी सांगतो, शेठ बाहेरगावी आहेत. मिलमध्ये नवा माणूस आला आहे. त्याला दाणा चावता येत नाही.

दुकानदारसाहेब, आत रेझिस्टर आहे हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून तर तुम्ही फक्त वीसचं दाखवलं. माझं जाऊ द्या, मी भांडून घेईन. पण आयुष्यभर तूर वाळवलेला माणूस आज गावात कामचुकार म्हणून बसला आहे. चिखलीला या, मालकासमोर उभे राहा आणि चूक कोणाची ते तुमच्या तोंडाने सांगा. कोणत्या दिवशी येता?