गोड्या नळीवरची गाठ

हे कुणालाच पटायचं नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून माझ्या नावानं शंख करायला नको. वादळात कासवाच्या पाठीवर बसून धक्क्याला लागल्याची माझी गोष्ट तुम्हाला पटली नाही, देवमाशाच्या जांभईत टोपी हरवल्याचीही पटली नाही. ही तर त्या दोघींच्याही वरची आहे, आणि अक्षर न् अक्षर खरी आहे. साक्षीला दाजी कुबल उभा राहिला असता, पण तो काल कोल्हापूरला गेला, हर्नियाच्या ऑपरेशनला. त्याची सून स्नेहल मात्र इथेच ओटीवर कोलंबी सोलत बसली आहे. अजून तिनं मान वर केलेली नाही. करील.

दाजीची बायको द्वारका. चाळीस वर्षं तिनं मालवणच्या बाजारात मासळी विकली. साठीला टोपली उतरवली आणि दाजीला म्हणाली, "मेल्ली मासळी खूप इकलंय. आता जिती पाळूची हा." मुलगा बोटीवर असतो, त्यानं मुंबईच्या दुकानातून चार फुटी काचेची टाकी पाठवली, मऊ पोवळी पाठवली, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची जोडी पाठवली. त्या जोडीचं नाव द्वारकेनं नवरा-नवरी ठेवलं. पोवळी सकाळी फुलासारखी उघडायची आणि दिवे मालवले की मुठी मिटायची.

दर सोमवारी ती दोन कळशा जुनं पाणी काढायची आणि दोन कळशा नवं घालायची. नवं म्हणजे खाडीचं नव्हे. भरती लागल्यावर होडीनं बाहेर जाऊन आणलेलं. घालण्याआधी बोट बुडवून चाखायची. मुलानं खारेपण मोजायचा काटा दिला होता, तो तिनं खिडकी अडवायला लावला होता.

गेल्या श्रावणात द्वारका गेली. कळशा दाजीच्या हातात आल्या, आणि कळशांपायीच पोटात गाठ आली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, पुढे तीन महिने तांब्यासुद्धा उचलायचा नाही. स्नेहल म्हणाली, "बाबा, पानी मी बदलतंय." दाजी म्हणाला, "ड्रम भर होया तर. पन द्वारकेच्या टाकीत दुसऱ्या कोनाचो हात जावचो नाय." म्हणजे एकच वाट उरली. पाणी आपलं आपण बदललं पाहिजे. ज्या दिवशी ते बदलेल त्याच दिवशी मी ऑपरेशनच्या टेबलावर आडवा होईन, असं त्यानं डॉक्टरच्या तोंडावर सांगितलं.

तीस वर्षं ट्रॉलरचं इंजिन सांभाळलेला माणूस तो. दोन छोट्या मोटरी आणल्या. एक जुनं पाणी मोरीत सोडणारी, एक ड्रममधलं नवं पाणी टाकीत घालणारी. दोघींना रोज ठरल्या वेळी चालू-बंद करणारी घड्याळं लावली. तिसरी सोय टाकीत आधीपासून होतीच. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून पातळी उतरली की एक तरंगता गोळा खाली येतो आणि बारीक नळीतून गोडं पाणी भरतो. दाजीनं सगळं जोडलं आणि मिशीवर हात फिरवला.

चौथ्या दिवशी पोवळी मिटली ती उघडेनात. नवरा-नवरी तळाला जाऊन बसली. ऑपरेशन शुक्रवारी, आणि आज बुधवार.

इथून स्वप्न सुरू होतं. सावरून बसा.

दुपारचे अडीच वाजले आहेत. दाजी टाकीशेजारी चटईवर आडवा झाला आहे. झोपायला नव्हे, मोटरीचा आवाज ऐकायला. हातात पेचकस आहे. जुनं काढणारी मोटर टकटक करते आहे. टकटक. मग टकटकीच्या मधली जागा लांबते. त्या लांबलेल्या जागेतून कुणीतरी म्हणतं, "अळणी झालाहा."

दाजी डोळे उघडतो. द्वारका टाकीत बोट बुडवून उभी आहे. पदर खोचलेला. बोट चाखते आणि तोंड वाकडं करते.

"जेवान नाय ता," दाजी म्हणतो.

"जेवानच ता. त्येंचा," ती माशांकडे बोट करते. "चार दिस अळणी खातत बिचारे. तुमका अळणी आमटी वाढलेली चलता?"

ती मेली आहे हे दाजीला ठाऊक आहे. पण तो विषय काढणं बरं दिसत नाही. घरी आलेल्या माणसाला तू कशाला आलीस असं कोण विचारतं?

"मोटरी सारख्या चलतत," तो म्हणतो. "जितक्या काढतंय तितक्याच घालतंय. मापून बघलंय."

"मापलास. बघलास खंय?"

ती चालू लागते. दाजी मागोमाग. माजघर ओलांडून स्वयंपाकघरात पाय टाकायचा, तर पाय बाजाराच्या ओल्या फरशीवर पडतो. बाया रांगेनं बसल्या आहेत. पाट्यांवर बांगडे, पण सगळे बांगडे जिवंत, आणि गिऱ्हाईक आलं की मान वर करून बघतात. छत काचेचं आहे. वर पोवळी मिटलेली आहेत, म्हणून उजेड कमी.

द्वारका आपल्या जागेवर बसते. चाळीस वर्षांची जागा, खांबाजवळची.

"आता मी च्या पिऊक जातंय," ती म्हणते. "तुमी नीट बघा."

ती उठते. फरशीवर तिच्या बसण्याचा ठसा अजून ओला आहे, तेवढ्यात कुठूनशी एक गोरीपान, गुळगुळीत बाई येते, पाटी न टेकवताच त्या जागेवर बसते आणि पाय पसरते.

"ओ बाय, ती जागा हिची," दाजी ओरडतो.

"रिकामी होती," बाई म्हणते. तिच्या आवाजाला चवच नाही.

द्वारका चहा पिऊन परत येते. बसायला जागा नाही. बाजूला सरकत सरकत मोरीत जाते. दाजी तिचा हात धरायला धावतो, तर ती मोरीतूनच ओरडते, "माज्या बाजारातल्या पयल्या दिसाक काय शिकयलंय मी तुमका? सांगा!"

दाजी आठवतो. नवी नवरी असताना तिनं सांगितलं होतं. आपलं माणूस येऊन शेजारी टेकल्याशिवाय उठायचं नाही. ते अर्धं बसलं की आपण अर्धं उठायचं. जागा एक पळसुद्धा मोकळी दिसता कामा नये.

"आपला मानूस टेकल्याबिगर..." दाजी म्हणतो आणि जीभ चावतो.

कारण तो आता ट्रॉलरच्या इंजिनखोलीत उभा आहे. ट्रॉलर टाकीत तरंगतो आहे. काचेपलीकडे त्याचीच चटई दिसते, चटईवर तोच झोपलेला, तोंड उघडं. दोन घड्याळं भिंतीवर. पहिलं अर्धा तास जुनं पाणी काढतं. पातळी उतरते. गोळा खाली येतो. आणि खारं पाणी उठलेल्या जागेवर गोडं पाणी पाय पसरून बसतं. मग अर्ध्या तासानं नवं खारं येतं, त्याला जागाच नाही, ते जास्तीच्या नळीतून मोरीत जातं. रोज. चार दिवस.

"मीच," दाजी म्हणतो. "मीच त्येंका अळणी केलंय."

"तुमीच," द्वारका म्हणते. ती इंजिनावर बसून तोंडभर हसते आहे. "तीस वर्सा इंजिन चलवलास, पन बाजारात बसलास नाय ना एक दिस."

"आता?"

"घड्याळा बदलूक उठा. तवसर ह्येची वाट मी लावतंय."

ती कमरेचा जाळी विणायचा निळा दोरा काढते. गोड्या पाण्याची नळी दुमडते, दुमडीवर दोन वेढे घेते, कोळणीची गाठ मारते. ती गाठ ओढली तर घट्ट होते, ढकलली तर सुटते, आणि गावात फार थोड्यांना येते. मग दोऱ्याचं टोक दातात धरते आणि कट्टकन तोडते.

"द्वारके," दाजी म्हणतो, "ऑपरेशनात मी... परत येयन मां?"

"मासे उपाशी ठेवून खंय जातलास?" ती म्हणते. "उठा. च्या थंड होता."

दाजी उठतो. खरोखरचा उठतो. सव्वातीन वाजले आहेत. शेजारी कपात चहा आहे, थंड झालेला. पेचकस हातातच आहे. टकटक चालू आहे.

तो आधी टाकीत बोट बुडवतो. अळणी. आमटीत मीठ विसरल्यासारखं नव्हे, पण चिमूटभर कमी पडल्यासारखं. खिडकीचा काटा काढून मोजतो. काटाही तेच सांगतो. मग तो दोन्ही घड्याळं काढतो आणि दोन्ही मोटरींना एकाच मिनिटाला लावतो, एक काढत असताना दुसरी घालेल अशी. अर्धं उठायचं, अर्धं बसायचं. पोट दुखतं आहे, घाम फुटला आहे, पण डॉक्टरचं ऐकून बसायची ही वेळ नाही. ड्रममधलं नवं पाणी तो नेहमीपेक्षा किंचित खारं करतो, म्हणजे उतरलेलं मीठ दोन दिवसांत हळूहळू भरून निघेल. एकदम केलं तर मासे मरतात, हे त्याला द्वारकेनं शिकवलेलं आहे.

शेवटी राहिलं गोडं पाणी. तो नळी बंद करायला टाकीमागे वाकतो.

आणि वाकलेलाच राहतो.

नळी दुमडलेली आहे. दुमडीवर निळ्या दोऱ्याचे दोन वेढे. कोळणीची गाठ. दोरा ओला आहे. टोक कात्रीनं कापलेलं नाही, चावून तोडलेलं आहे. कापूस निघाल्यासारखं पिंजलेलं.

दाजी ती गाठ ढकलून बघतो. सुटायला लागते. तो पटकन पुन्हा ओढून घट्ट करतो आणि तिथेच जमिनीवर बसून रडतो. साठ वर्षांत मी त्याला रडताना पाहिलेलं नाही, पण तो रडला, कारण त्यानंच मला सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी एक पोवळं करंगळीएवढं उघडलं. शुक्रवारी सकाळी नवरा-नवरी वर आली. मग दाजीनं पिशवी उचलली, म्हणजे उचलायला गेला आणि स्नेहलनं हिसकावून घेतली. गाडीत बसताना मला म्हणाला, "गजा, आता माका भय नाय. तिचो हात हा टाकीवर."

तर मंडळी, मेलेल्या बाईनं स्वप्नातून हात बाहेर काढून नळीला गाठ मारली, दोरा आपल्या दातांनी तोडला, आणि त्या दातांची खूण मी या डोळ्यांनी...

"गजाकाकानू," स्नेहलनं मान वर केली. हातातली कोलंबी तशीच होती. "पुरे झाली थाप. आईक शेवटची सा वर्सा तोंडात एक दात नव्हतो. पानी चाखून 'अळणी झालाहा' म्हनलंय ती मी, गाठ मी मारलंय, दोरो मी तोडलंय. आईनच शिकयल्यान माका. आनी ह्या कोल्हापुराक कळवलास तर बाबा टाके काढूच्या आदी उठून येतीत."